प्रकाश देणारा थर आणि त्याचे शेजारी

क्वांटम डॉटविषयी काहीही छापून आले की सोबत हमखास एक छायाचित्र असते. अतिनील दिव्यासमोर काचेच्या कुप्या ओळीने मांडलेल्या, पहिली निळी, मग हिरवी, पिवळी, केशरी आणि शेवटची लालभडक. २०२३ साली मूंगी बावेंडी, लुई ब्रुस आणि अलेक्सी एकिमॉव्ह यांना रसायनशास्त्राचे नोबेल पारितोषिक मिळाले तेव्हाही अशाच कुप्या पुन्हा डोळ्यांसमोर आल्या. चित्र खरे आहे आणि सुंदरही आहे, पण ते अर्धेच सांगते. कुपीतल्या डॉटला प्रकाश बाहेरून मिळतो. तो शोषून घेऊन डॉट आपल्या रंगाचा प्रकाश परत देतो. त्याला ना तारा जोडलेल्या असतात, ना त्याच्यातून वीज वाहते. हे पुस्तक ज्या उपकरणाविषयी आहे त्यात बाहेरचा प्रकाश मुळीच नाही. तिथे डॉटने थेट विजेवर उजळायचे असते, आणि ते त्याला एकट्याला जमत नाही. त्याच्या खाली दोन-तीन आणि वर एक-दोन थर लागतात. या विद्येचा खरा कस त्या थरांत आहे, असे माझे स्पष्ट मत आहे. डॉटच्या कौतुकात त्यांच्याकडे फार दुर्लक्ष झाले, म्हणून ही प्रस्तावना थोडी ऐसपैस लिहितो आहे.

आधी डॉटचे बघू. डॉट म्हणजे अर्धवाहकाचा काही नॅनोमीटरचा स्फटिक. कॅडमियम सेलेनाइड हा अर्धवाहक घ्या. त्याच्या मोठ्या स्फटिकात दोन ऊर्जापट्ट्यांमधले अंतर १.७४ इलेक्ट्रॉन व्होल्ट असते, म्हणजे त्यातून निघणारा प्रकाश डोळ्याला जेमतेम दिसेल इतका गडद लाल. हाच स्फटिक सहा नॅनोमीटरच्या आसपास आणला की तो चांगला लाल प्रकाश देतो, तीनच्या आसपास हिरवा आणि दोनच्या आसपास निळा. अणू तेच, त्यांची रचनाही तीच. बदलते ते फक्त आकारमान. अर्धवाहकातला इलेक्ट्रॉन वरच्या पट्ट्यात गेला की खाली त्याची रिकामी जागा उरते, तिला होल म्हणतात. ही दोघे एकमेकांच्या ओढीने जोडीने वावरतात आणि पुन्हा एकत्र आली की प्रकाश बाहेर पडतो. कॅडमियम सेलेनाइडमध्ये या जोडीचा नैसर्गिक पसारा पाच-सहा नॅनोमीटर त्रिज्येचा आहे. त्याहून लहान स्फटिकात तिला कोंडले की तिची ऊर्जा चढते. सतारीची तार पडद्यावर दाबून आखूड केली की स्वर चढतो, तसेच इथे होते. दोन्हीकडे तरंगाला मिळालेली जागा कमी झालेली असते.

हे प्रत्यक्ष दिसले ते दोन ठिकाणी, एकमेकांना माहीत नसताना. लेनिनग्राडच्या वाविलोव्ह संस्थेत एकिमॉव्ह काचेत कॉपर क्लोराइडचे सूक्ष्म स्फटिक वाढवत होते. काच किती तापवली आणि किती वेळ, यावर स्फटिकांचे आकारमान ठरे आणि आकारमानानुसार काच शोषत असलेला प्रकाश बदले. १९८१ साली त्यांनी ते प्रसिद्ध केले. अमेरिकेत बेल प्रयोगशाळेत ब्रुस सूर्यप्रकाशावर रासायनिक क्रिया घडवण्यासाठी कॅडमियम सल्फाइडचे कण द्रवात तयार करत होते. कण काही काळ तसेच राहिले की मोठे होतात आणि त्यांचे प्रकाशीय गुणही बदलतात, हे त्यांच्या ध्यानात आले. ते १९८३ साल. काचेतले कण बाहेर काढता येत नव्हते आणि द्रवातले एकसारखे नव्हते. ही दुसरी अडचण १९९३ साली एमआयटीत सुटली.

ती कशी सुटली हे जवळून पाहण्यासारखे आहे. तीन तोंडांचा चंबू, त्यात ट्रायऑक्टाइलफॉस्फिन ऑक्साइड नावाचा मेणासारखा पदार्थ, आर्गॉन वायूच्या आवरणात तीनशे अंश सेल्सियसच्या आसपास तापवलेला. कॅडमियम आणि सेलेनियमची संयुगे असलेले द्रावण इंजेक्शनच्या सिरिंजमधून एका झटक्यात आत सोडायचे. असंख्य स्फटिकबीजे एकाच क्षणी तयार होतात. थंड द्रावण पडल्यामुळे तापमान एकदम उतरते आणि नवी बीजे पडणे थांबते. मग पुन्हा हळूहळू तापवायचे. आता असलेलीच बीजे वाढतात, आणि सगळी एकाच वेळी जन्मलेली असल्यामुळे बरोबरीने वाढतात. दर थोड्या वेळाने नमुना काढत गेले तर प्रत्येक नमुना आधीच्यापेक्षा लालीकडे सरकलेला दिसतो. ख्रिस्तोफर मरे, डेव्हिड नॉरिस आणि बावेंडी यांची ही पद्धत. त्यांनी वापरलेले डायमिथाइल कॅडमियम विषारी आणि हवेत पेट घेणारे होते. २००१ साली अर्कान्सास विद्यापीठात शियाओगांग पेंग यांनी त्याजागी साधे कॅडमियम ऑक्साइड वापरून दाखवले आणि हे काम कितीतरी अधिक प्रयोगशाळांच्या आवाक्यात आले. पेंग यांचे नाव लक्षात ठेवा, ते पुढे पुन्हा येणार आहे.

डॉटच्या पृष्ठभागावरचे अणू अर्धवट बांधलेले असतात आणि तिथे इलेक्ट्रॉन अडकून प्रकाश न देताच ऊर्जा उष्णतेत जाते. त्यावर उपाय म्हणून डॉटवर झिंक सल्फाइडसारख्या रुंद ऊर्जाअंतराच्या पदार्थाचे कवच चढवतात. १९९६ साली शिकागो विद्यापीठात हाइन्स आणि गियो-सियोने यांनी ते करून दाखवले. कवचाच्याही बाहेर लांब, तेलकट रेणूंची झालर असते. तिच्यामुळे डॉट द्रवात सुटे राहतात, एकमेकांना चिकटत नाहीत.

उपकरणाची गोष्ट इथून सुरू होते. कुपीत डॉटला जपणारे कवच आणि झालर हे दोन्ही विजेच्या वाटेत आडवे येतात. कवच इलेक्ट्रॉनला आत शिरू देत नाही, झालर तर सरळसरळ विद्युतरोधक आहे. डॉट जितका जपावा तितकी त्याच्यापर्यंत वीज पोचवणे अवघड, हा पेच पुढच्या तीस वर्षांच्या संशोधनाच्या मुळाशी आहे.

असे एक उपकरण तयार होताना पाहू. काचेचा एक चौकोनी तुकडा, त्यावर इंडियम टिन ऑक्साइडचा पारदर्शक लेप. हा धन अग्र. तुकडा साबणाच्या पाण्याने, ॲसिटोनने, अल्कोहोलने धुऊन अतिनील प्रकाशात ओझोनने साफ करतात. धुळीचा एक कण राहिला तरी पुढे तिथे शॉर्ट होतो. मग तुकडा स्पिन कोटरवर ठेवून वर पेडॉट-पीएसएस या वाहक पॉलिमरचे निळसर पाणी सोडायचे, मिनिटाला काही हजार फेऱ्यांनी फिरवायचे आणि तव्यासारख्या हॉट प्लेटवर वाळवायचे. इथून पुढचे काम नायट्रोजनने भरलेल्या ग्लव्हबॉक्समध्ये, जाड रबरी हातमोज्यांत हात घालून. दुसरा थर होल वाहून नेणाऱ्या पॉलिमरचा, क्लोरोबेंझीनमध्ये विरघळवलेला. तिसरा डॉटचा, ऑक्टेनमध्ये. चौथा झिंक ऑक्साइडच्या नॅनोकणांचा, इथेनॉलमध्ये. हा इलेक्ट्रॉन वाहून नेतो. शेवटी निर्वात कक्षात ॲल्युमिनियमची वाफ करून ऋण अग्र बसवायचा आणि वर काच चिकटवून हवा आणि ओल बाहेर ठेवायची.

दर थराला द्रावक वेगळा आहे, आणि ते मुद्दाम. वरचा थर ओतताना खालचा विरघळता कामा नये. पाणी, क्लोरोबेंझीन, ऑक्टेन, इथेनॉल हा क्रम अनेक फसलेल्या प्रयोगांतून बसलेला आहे, आणि एखादा नवा पदार्थ आणायचा म्हटले की पहिला प्रश्न हाच: तो कशात विरघळतो आणि त्या द्रावकाने खालच्याचे काय होते? डॉटचा थर वीस-तीस नॅनोमीटरचा, म्हणजे कवचासकट धरले तर जेमतेम दोन-तीन डॉट जाडीचा. धातू आणि काच सोडली तर सगळे थर मिळून दीड-दोनशे नॅनोमीटर भरतात. तीन-चार व्होल्ट दिले की एवढ्याशा जाडीत दिवा लागतो.

लागतो, पण कसा लागतो ते महत्त्वाचे. झिंक ऑक्साइडमधली इलेक्ट्रॉनची ऊर्जापातळी आणि डॉटमधली पातळी जवळजवळ सारखी असते, त्यामुळे इलेक्ट्रॉन विनासायास आत येतात. होलचे तसे नाही. पॉलिमरमधून डॉटमध्ये शिरताना त्याच्या वाटेत इलेक्ट्रॉन व्होल्टच्या घरातला अडथळा असतो. परिणामी डॉटमध्ये इलेक्ट्रॉन जास्त आणि होल कमी. एका जोडीशेजारी तिसरा फालतू इलेक्ट्रॉन बसलेला असला की जोडी जुळताना सुटणारी ऊर्जा प्रकाश न होता त्या तिसऱ्यालाच मिळते आणि उष्णता होऊन संपते. याला ऑजे प्रक्रिया म्हणतात. शिवाय उरलेले इलेक्ट्रॉन पलीकडच्या पॉलिमरमध्ये घुसतात आणि तो पॉलिमर हळूहळू नासतो. कुपीत शंभरातले नव्वदहून अधिक फोटॉन परत देणारा डॉट उपकरणात निस्तेज का पडतो, याचे उत्तर बरेचदा डॉटमध्ये नसून त्याच्या दोन्ही अंगांना आहे.

ही समज एका दिवसात आली नाही. १९९४ साली बर्कलीला कॉल्विन, श्लॅम्प आणि ॲलिव्हिसाटोस यांनी कॅडमियम सेलेनाइडचे डॉट आणि पीपीव्ही हा प्रकाशोत्सर्जक पॉलिमर यांचे थर एकावर एक देऊन पहिले असे उपकरण केले. कमी व्होल्टेजला ते डॉटच्या रंगाचे उजळे आणि व्होल्टेज वाढवले की पॉलिमरचा हिरवा रंग वरचढ होई. म्हणजे इलेक्ट्रॉन आणि होल नेमके कोणत्या थरात भेटतात हे व्होल्टेजनुसार बदलत होते. त्या निबंधाचे हे निरीक्षण मला त्यातल्या कुठल्याही आकड्यापेक्षा मोलाचे वाटते, कारण भेटीची जागा ठरवणे हेच इथले मुख्य काम आहे, ते त्यात पहिल्याच फटक्यात उघडे पडले.

२००२ साली एमआयटीत सेथ को, बुलोव्हिच, बावेंडी आणि सहकाऱ्यांनी वेगळा विचार केला. डॉटला वीज वाहण्याचे काम द्यायचेच कशाला? त्यांनी डॉटचा फक्त एकपदरी थर दोन सेंद्रिय थरांच्या मध्ये ठेवला. डॉट आणि होलवाहक सेंद्रिय पदार्थ एकाच द्रावणातून ओतले, आणि वाळताना दोन्ही आपोआप वेगळे होऊन डॉट पृष्ठभागावर आले. इलेक्ट्रॉनच्या बाजूला त्यांनी जो ॲल्युमिनियमचा संयुग-पदार्थ वापरला तोच कोडॅकच्या टँग आणि व्हॅनस्लाइक यांनी १९८७ च्या ओएलईडीत, म्हणजे सेंद्रिय पदार्थांच्या एलईडीत, वापरला होता. वाहणे सेंद्रिय थरांनी करायचे, उजळणे डॉटने, अशी कामाची वाटणी झाली आणि कार्यक्षमता तोवरच्या डॉट-उपकरणांच्या पंचवीस पट झाली. पुढे फ्लोरिडा विद्यापीठातल्या गटाने २०११ मध्ये इलेक्ट्रॉनच्या बाजूला झिंक ऑक्साइडचे नॅनोकण बसवले. वर सांगितलेली रचना मुख्यतः तिथून आलेली आहे.

आता पेंग. २०१४ साली चीनच्या झेजियांग विद्यापीठात पेंग, यिझेंग जिन आणि त्यांच्या सहकाऱ्यांनी लाल उपकरणाची बाह्य क्वांटम कार्यक्षमता २०.५ टक्क्यांवर नेली. म्हणजे आत सोडलेल्या शंभर इलेक्ट्रॉनांमागे वीसहून अधिक फोटॉन काचेबाहेर. हा आकडा लहान वाटतो, पण सपाट थरांतून निघालेला बराचसा प्रकाश आतल्या आत परावर्तित होऊन अडकतो, त्यामुळे या रचनेत वीस-पंचवीस टक्क्यांपलीकडे जाणे मुळातच कठीण. त्यांनी केले काय? डॉट आणि झिंक ऑक्साइड यांच्यामध्ये पीएमएमए, म्हणजे ॲक्रिलिकचे पत्रे ज्याचे बनतात त्या विद्युतरोधक पॉलिमरचा काही नॅनोमीटरचा पडदा घातला. वीज वाढवण्यासाठी नाही, इलेक्ट्रॉन मंदावण्यासाठी. होलला वेग देता येत नाही तर इलेक्ट्रॉनला थोपवा, म्हणजे दोघे समसमान पोचतील. दिव्यात विद्युतरोधक घालून दिवा अधिक चांगला जळतो हे वाचले तेव्हा मी तो परिच्छेद पुन्हा वाचला होता. या क्षेत्रातल्या सगळ्या निबंधांत विद्यार्थ्याने एकच वाचायचा असेल तर तो हा वाचावा.

कॅडमियमचा प्रश्न मात्र त्यानेही सुटत नव्हता. युरोपीय संघाच्या नियमानुसार इलेक्ट्रॉनिक वस्तूंच्या घटकांत कॅडमियम वजनाने ०.०१ टक्क्यापेक्षा जास्त चालत नाही, आणि आपल्या ई-कचऱ्याच्या नियमांतही हीच मर्यादा आहे. म्हणून इंडियम फॉस्फाइड. त्याच्या पृष्ठभागावर ऑक्साइड चटकन साचते, आणि तिथेच प्रकाश मरतो. सॅमसंगच्या संशोधन संस्थेत युन्जू जांग यांच्या गटाने हायड्रोफ्लोरिक आम्लाने ते ऑक्साइड काढत वर जाड, एकसंध कवच वाढवले आणि २०१९ मध्ये लाल रंगाला २१.४ टक्के कार्यक्षमता मिळवली. २०२० मध्ये त्याच गटाने झिंक, टेल्युरियम आणि सेलेनियमच्या डॉटपासून निळा प्रकाश २०.२ टक्क्यांवर आणला.

निळ्याची कार्यक्षमता लालच्या बरोबरीला आली, आयुष्य मात्र आले नाही. लालचे सांगितलेले आयुष्य दहा लाख तास आहे, निळ्याचे सुमारे सोळा हजार. निळ्या डॉटमध्ये ऊर्जाअंतर मोठे, त्यामुळे होलच्या वाटेतला अडथळा बहुधा आणखी उंच. आणि प्रत्येक चुकलेल्या भेटीत सुटणारी ऊर्जाही अधिक, जी शेजारच्या सेंद्रिय थराचे बंध तोडू शकते. पडद्याला तिन्ही रंग लागतात. त्यातला एक आधी विझला तर उरलेल्या दोघांच्या दीर्घायुष्याचा उपयोग नाही.

म्हणूनच दुकानात ज्या टीव्हींवर क्यूएलईडी लिहिलेले असते त्यांत हे उपकरण नसते. तिथे निळा एलईडी मागून प्रकाश टाकतो, डॉटची फिल्म त्यातला काही निळा लाल-हिरव्यात बदलते आणि पुढे नेहमीचा एलसीडी पडदा असतो. म्हणजे ती कुपीच, फक्त पसरून सपाट केलेली. २०१३ मध्ये सोनीने डॉट वापरलेले टीव्ही बाजारात आणले. त्यांना डॉट पुरवणारी कंपनी एमआयटीतल्या त्या २००२ च्या कामातूनच उभी राहिली होती, पण धंद्यासाठी तिने थरांचे उपकरण बाजूला ठेवून हा सोपा मार्ग धरला. २०२२ पासून आलेल्या क्यूडी-ओएलईडी पडद्यांतही निळा प्रकाश ओएलईडीच देते. या पडद्यांचे रंग उत्तम आहेत, त्यात वाद नाही. पण विजेवर थेट उजळणारा डॉट अजून प्रदर्शनांतल्या नमुन्यांत आणि प्रयोगशाळांतच आहे.

प्रयोगशाळेतली एक गोष्ट या पुस्तकात मी मुद्दाम विस्ताराने घेतली आहे. बंद केलेले ताजे उपकरण काही दिवस नुसते ठेवले तर पुष्कळदा ते सुधारते. कारण शोधताना लक्षात आले की काच चिकटवायच्या रेझिनमधले आम्ल झिंक ऑक्साइडच्या थरापर्यंत झिरपते आणि त्याचे गुण बदलते. म्हणजे डॉटवर वर्षभर मेहनत घ्यावी आणि निकाल डिंकाने ठरवावा. दोन प्रयोगशाळांचे आकडे जुळत नाहीत तेव्हा कोणते रेझिन वापरले, किती दिवसांनी मोजमाप केले, हे विचारल्याशिवाय पुढे जाता येत नाही.

पुण्याचा उल्लेख केल्याशिवाय मराठीत या विषयाची ओळख पुरी होणार नाही. पुणे विद्यापीठाच्या भौतिकशास्त्र विभागात सुलभा कुलकर्णी आणि त्यांच्या विद्यार्थ्यांनी मँगनीज मिसळलेले झिंक सल्फाइडचे नॅनोकण पाण्यात तयार करण्याचे काम १९९५ साली प्रसिद्ध केले, बावेंडींच्या पद्धतीनंतर दोनच वर्षांनी. २०१५ मध्ये झुरिचला मॅक्सिम कोव्हालेन्को यांच्या गटाने सीझियम लेड हॅलाइडचे पेरोव्स्काइट नॅनोस्फटिक केले. त्याच वर्षी पुण्याच्या आयसरमध्ये अंशुमान नाग यांच्या गटाचे त्याच कुळातल्या सीझियम लेड ब्रोमाइडवरचे काम प्रसिद्ध झाले. हे स्फटिक कवचाशिवायही झगझगीत प्रकाश देतात. त्यात शिसे आहे, ओल त्यांना सोसत नाही आणि त्यांची रेणूंची झालर चटकन सुटते. थरांत त्यांना नांदवायचे काम त्यामुळे वेगळे आणि मोठे आहे.

पुस्तक वाचताना कागद-पेन्सिल जवळ ठेवा आणि प्रत्येक उपकरणासाठी थरांच्या ऊर्जापातळ्यांचे चित्र स्वतः काढा. इलेक्ट्रॉन कुठून येतो, होल कुठे अडतो, दोघे कुठे भेटतात हे हाताने काढले की पुढची प्रकरणे आपोआप उलगडतात. आणि कुठेही आयुष्याचा मोठा आकडा दिसला तर तीन प्रश्न विचारा. कोणत्या तेजाला? तेज किती टक्क्यांवर येईपर्यंत? प्रत्यक्ष मोजले की जास्त तेजावर चालवून हिशोबाने काढले? दहा लाख तास म्हणजे एकशे चौदा वर्षे, तेव्हा तो हिशोबच असणार हे उघड आहे. तो दर चौरस मीटरला शंभर कँडेला या मंद तेजाला आणि तेज निम्मे होईपर्यंतचा आहे. टीव्हीचा उजळ कोपरा त्याच्या दहापट तेज मागतो, आणि तेज पाच टक्के उतरले तरी पडद्यावर डाग दिसतो.